महाले सरांची 'नेहमी'ची वही

महाले सरांसमोर 'नेहमी' हा शब्द उच्चारायची सोय नव्हती. आपण सहज म्हणावं, "हा पोरगा नेहमी उशिरा येतो," की सर खिशातलं पेन काढत आणि अगदी हळू आवाजात विचारत, "नेहमी म्हणजे किती वेळा?" आवाज चढलेला नसे, टोमणा नसे. त्यांना खरोखर आकडा हवा असे. आपल्याकडे आकडा नसे, म्हणून आपल्याला राग येई.

मोखाड्याच्या अलीकडे आमची निवासी शाळा. अकरावी-बारावीपर्यंत वर्ग, जोडीला वसतिगृह आणि भटारखाना. मी मराठी शिकवायला रोज जव्हारहून एसटीनं येत असे. सर गणित शिकवत; गाव जामसर, घरची भातशेती. त्यांच्या जुन्या मोटारसायकलला हॉर्न नव्हता, आणि लावणीच्या दिवसांत ते वर्गात आले की नखांत चिखल दिसे. अंगानं काटकुळे, शर्टाच्या खिशात दोन पेनं, काखेत छत्री. आणि त्या छत्रीइतकीच कायम सोबत असलेली, जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदांची हातानं शिवलेली एक वही. स्टाफरूममध्ये आम्ही तिला 'नेहमी'ची वही म्हणत असू. कुणी काही 'नेहमी' होतं असं म्हटलं की त्या वहीत एक पान उघडलं जाई. वर दावा, खाली चार घरांचा चौकोन. हेही झालं आणि तेही झालं, ते पहिलं घर. हे झालं पण ते नाही, हे दुसरं. ते झालं पण हे नाही, तिसरं. आणि दोन्ही झालं नाही, ते चौथं.

"माणसं पहिलंच घर मोजतात, मॅडम," ते मला सांगत. "बाकीची तीन घरं ओस पडलेली असतात. तिथं कुणी जात नाही."

आमच्या मुख्याध्यापकांना त्यांची गाडी फार लाडकी. त्यांचं म्हणणं, मी गाडी धुतली की नेहमी पाऊस येतो. सरांनी लगेच पान उघडलं आणि सगळा जुलै-ऑगस्ट रोज टिपण ठेवलं. शेवटी एके दिवशी सगळ्यांसमोर त्यांनी निकाल वाचला. गाडी धुतली त्या प्रत्येक दिवशी पाऊस आला होता. धुतली नाही त्या दिवसांतला एक सोडून बाकी सगळ्या दिवशीही आला होता.

"साहेब, आपल्याकडे त्या दोन महिन्यांत तुम्ही गाडी धुवा नाहीतर नदीत ढकला, पावसाला काही फरक पडत नाही," सर म्हणाले. "दोन्ही घटना स्वतंत्र."

"पण धुतली की येतो, हे तर खरं ना?" मुख्याध्यापक म्हणाले. सरांनी डोळे मिटून घेतले.

वर्गातही त्यांची हीच लढाई. दोन घटना स्वतंत्र आहेत का, हे बारावीत ओळखायचं असतं. आमच्या पोरांची घरची बोली वेगळी, शाळेची मराठी त्यांना दुसरी, त्यात गणिताची मराठी म्हणजे तिसरीच. दरवर्षी निम्मा वर्ग उत्तरपत्रिकेत लिहून मोकळा होई की ज्या घटना एकत्र कधीच घडत नाहीत त्या स्वतंत्र. मग सर फळ्याकडे पाठ करून टेबलावर टेकत. शेजारच्या वर्गात मला सगळं ऐकू येई.

"एका घरात सासू आहे आणि सून आहे. सासू ओट्यावर आली की सून मागच्या दारानं बाहेर. दोघी एका जागी कधी म्हणजे कधी दिसत नाहीत. आता सांगा, दोघी एकमेकींपासून स्वतंत्र?"

"हो सर!" सगळा वर्ग.

"अरे, सून ओट्यावर आहे एवढी खबर लागली की सासू तिथं नाही, हे मला घरी न जाताच कळतं. एकीचं दुसरीवर इतकं लक्ष, आणि तुम्ही म्हणता स्वतंत्र? स्वतंत्र म्हणजे काय, की एकीची खबर लागली तरी दुसरीबद्दल मला आधी जेवढं ठाऊक होतं तेवढंच ठाऊक. काडीनं जास्त नाही, काडीनं कमी नाही. आणि ते बघायचं कसं? दोन्हींच्या शक्यता गुणायच्या. गुणाकार आणि मोजलेलं जुळलं तर स्वतंत्र. नाही जुळलं तर नाही."

मुली खुदुखुदु हसत. परीक्षेत तेवढा प्रश्न बरोबर येई.

माझंही एक पान त्या वहीत होतं आणि त्याचा मला बरेच दिवस राग होता. शाळेला एक स्पीकर मिळाला होता. त्यावर मी मुलांना कविता ऐकवत असे. एकदा वैतागून मी म्हणाले, "मी कविता लावली की नेहमी लाईट जाते." झालं! जूनपासून दिवाळीपर्यंत सरांनी शाळेच्या प्रत्येक दिवशी लाईट होती की गेली, याची खूण केली. माझा तास असो नसो, कविता असो नसो, खूण ठरलेली. दिवाळीच्या आधी त्यांनी पान माझ्यापुढे धरलं.

"मॅडम, लाईटला तुमच्या कवितेशी काही देणंघेणं नाही."

कवितेशी कुणाचं देणंघेणं नाही हे मला ठाऊक होतं, पण ते असं चौकोन आखून सांगायची काय गरज होती? मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्या पानाचं पुढं काय होणार आहे हे तेव्हा त्यांनाही माहीत नव्हतं, मलाही नव्हतं.

त्याच पावसाळ्यात वसतिगृहातली पोरं आजारी पडू लागली. दर आठ-दहा दिवसांनी चार-पाच जणांना उलट्या-जुलाब. औषधांच्या रजिस्टरात नोंद होई, गोळ्या दिल्या जात, एक-दोघांना मोखाड्याच्या दवाखान्यात न्यावं लागे. भटारखान्यात दोन बायका होत्या, सोमीबाई आणि हिराबाई. दोघींची आलटून पालटून रांधायची पाळी. हिराबाई थोराड, गुडघ्यांनी अधू, बोलायला गोड. सोमीबाई वांगणीकडची, चाळिशीची, नवरा वारलेला. ती फारसं बोलत नसे आणि बोललीच तर समोरच्याला लागेल असं. सरांवर तिचा जीव होता. त्यांना पोळी आवडत नाही म्हणून ती त्यांच्यापुरती नागलीची भाकर थापायची आणि ताटात आदळायची.

सप्टेंबरात कुणीतरी म्हणालं, सोमीबाईची पाळी असली की नेहमी पोरं आजारी पडतात. महिन्याभरात ते पालकांच्या तोंडी गेलं. मग "तिच्या हाताला काहीतरी आहे" असं झालं, आणि दिवाळीच्या तोंडावर दोन पालक मंत्रतंत्र करणाऱ्या भगताला विचारून आले. विधवा बाई, उलट बोलणारी, तिच्याबद्दल असं उठायला आमच्या भागात वेळ लागत नाही. मुख्याध्यापक घाबरले. शाळा समितीची बैठक लावली.

सर म्हणाले, "मी मोजतो. काही निघायचं नाही."

मोजायच्या आधीच सरांनी निकाल सांगितला, असं मी त्या वेळी एकदाच पाहिलं.

कोठीतून शिधा काढताना त्या दिवशी रांधणारी बाई रजिस्टरात अंगठा किंवा सही करे. त्यावरून सरांनी शाळेच्या ऐंशी दिवसांची पाळी काढली. चाळीस दिवस सोमीबाईचे, चाळीस हिराबाईचे. औषधांच्या रजिस्टरावरून आजाराचे दिवस काढले, ते पंधरा. संबंध नसेल तर पंधरातले निम्मे, म्हणजे सात-आठ, सोमीबाईच्या वाट्याला यायला हवेत. आले अकरा. हिराबाईच्या वाट्याला चार.

सरांनी तीनदा मोजलं. मग वही माझ्याकडे सरकवून म्हणाले, "मॅडम, एकदा तुम्ही मोजा." मी मोजलं. अकराच.

"सर, दोन-तीन इकडचे तिकडे करा ना," मी म्हणाले. "कोण बघायला येतंय?"

"मग माझ्यात आणि भगतात फरक काय?" ते म्हणाले, आणि वही मिटून छातीशी धरून बसले.

बैठकीत ते उभे राहिले. तोंड उतरलेलं. म्हणाले, "या दोन घटना स्वतंत्र नाहीत."

"म्हणजे संबंध आहे," मुख्याध्यापक म्हणाले.

"संबंध आहे. पण—"

"पण काय, सर?"

त्या 'पण'च्या पुढं सरांकडे काहीच नव्हतं. एवढंच त्यांना कळत होतं की इथं काहीतरी राहिलंय. काय राहिलंय ते वहीत नव्हतं, आणि जे मोजलं नाही ते बोलायचं नाही ही त्यांची जन्माची सवय. ते खाली बसले. सोमीबाईला दिवाळीनंतर कामावर येऊ नको म्हणून सांगायचं ठरलं. कागद फिरला. सरांनी सही केली. मीही केली. आजही ती सही आठवली की मला माझीच चीड येते, कारण मला तर आकड्यांचा आदरसुद्धा नव्हता. सगळे करतात म्हणून मी केली.

सुट्टी संपून शाळा उघडली तेव्हा सर बदलले होते. भटारखान्यात जेवायला येईनात, वही बाहेर काढीनात. स्टाफरूममध्ये लोक खुशाल 'नेहमी, नेहमी' म्हणत आणि सर खिडकीबाहेर बघत. एका शनिवारी त्यांनी मला विचारलं, "उद्या माझ्याबरोबर येता का? एकट्यानं जायची हिंमत होत नाही."

रविवारी त्यांच्या मोटारसायकलवर मागं बसून मी सोमीबाईच्या पाड्यावर गेले. रस्ता असा की निम्मी वाट उतरून चालावी लागली. पाड्यात बांधाबांध चालली होती. भात झोडून झालं की तिकडची माणसं वीटभट्ट्यांवर जातात, पावसाळ्याला परत येतात. शाळेतलं काम होतं म्हणून सहा वर्षं सोमीबाईला भट्टीवर जावं लागलं नव्हतं. आता तिच्या दारातही गाठोडं बांधून तयार होतं. बारकी पोर, चौथीतली, त्या गाठोड्यावर बसली होती. आई भट्टीवर म्हणजे पोरगी भट्टीवर, शाळा सुटली. आम्हाला ओट्यावर बसायला घोंगडी मिळाली. पण पाणी आलं नाही. आमच्याकडे दारात आलेल्याला आधी पाण्याचा तांब्या मिळतो, मग बोलणं.

सोमीबाईनं ते स्वतःच बोलून टाकलं. "पाणी नाय देत, सर. तुम्हाला काय झाला तं परत माझाच नाव."

सरांना माफी मागायची होती. पण माफी कशी मागतात हे त्यांना येत नव्हतं. त्यांनी खाली वाकून अंगणाच्या मातीत बोटानं चौकोन आखला, चार घरं केली आणि तिला समजावू लागले. हे तुझे दिवस, हे हिराबाईचे. हे आजाराचे, हे बिनआजाराचे. मी खोटं बोललो नाही, सोमीबाई, बघ. मला लाज वाटत होती, की हा माणूस इथंही गणितच शिकवतोय.

सोमीबाई कमरेवर हात ठेवून बघत राहिली. मग म्हणाली, "आन् इहीर कुठं हाय याच्यात?"

"विहीर?"

"खालची इहीर. लाईट गेली का बोअरचा पंप बंद. पंप बंद का टाकीत पाणी नाय. मंग खालच्या इहिरीवरून पाणी कोण आणल? हिराचं गुडघं दुखतात, ती काय चढण चढल? पंप बंद असला का ती मला म्हणं, सोमे, आज तू घे. मी घ्यायची. तिची पाळी मी करायची, पाणी आणायची, रांधायची. मंग लाईट असल तवा ती माझी एक पाळी फेडायची. तो पाणी गढूळ, पावसाचा. मी हेडसरांना दोनदा सांगला. कोणी लिहून घेतला?"

सरांनी उकिडवं बसूनच वही काढली.  आजाराच्या पानावरून ते मागं गेले, एक पान, दोन पानं, आणि थांबले. माझं पान होतं ते. कविता आणि लाईट. जूनपासून दिवाळीपर्यंत लाईट कुठल्या कुठल्या दिवशी गेली, सगळं तिथं त्यांच्याच अक्षरात होतं.

"माझ्याच वहीत होतं हो, मॅडम," ते म्हणाले. "दोन पानं आधी."

त्यांचे डोळे भरून आले होते. सोमीबाईनं ते पाहिलं आणि तोंड फिरवलं. पाणी तरीही दिलं नाही. निघताना म्हणाली, "गुरवारी ट्रक येल."

बुधवारी सरांनी पुन्हा बैठक लावायला लावली. या वेळी त्यांनी फळ्यावर दोन चौकोन आखले. एक लाईट गेलेल्या चोवीस दिवसांचा. त्यात वीस दिवस सोमीबाईनं रांधलं, चार दिवस हिराबाईनं. सोमीबाईच्या विसांत दहा दिवस आजार, हिराबाईच्या चारांत दोन. दोघींचे निम्मे निम्मे. दुसरा चौकोन लाईट असलेल्या छप्पन दिवसांचा. सोमीबाईच्या विसांत एक, हिराबाईच्या छत्तिसांत दोन.

"जवळजवळ सारखंच," सर म्हणाले. 'जवळजवळ' हा शब्दही मी त्यांच्या तोंडून तेव्हा पहिल्यांदा ऐकला. "पंप बंद असेल तर कुणीही रांधो, पोरं आजारी पडणार. पंप चालू असेल तर कुणीही रांधो, सहसा पडणार नाहीत. एकदा पाणी कुठलं ते कळलं, की रांधणारी कोण होती या खबरीनं काडीचाही फरक पडत नाही. आजार विहिरीचा आहे. आणि त्या दिवसांत सोमीबाई जास्त आहे, कारण दुसरीचे गुडघे दुखतात म्हणून ती जास्तीचं पाणी ओढत होती."

एक सदस्य म्हणाले, "सर, मागच्या वेळी संबंध आहे म्हणून तुम्हीच सांगितलंत."

"मीच सांगितलं. तेव्हाचा गुणाकार बरोबर होता, चुकलो मी. मी संबंध म्हणालो, तुम्ही दोष ऐकलात. आणि तुम्ही चुकीचं ऐकलंय हे दिसत असूनही मी खाली बसलो. आज बसणार नाही."

आणि खरोखर, ठराव लिहून होईपर्यंत ते उभेच राहिले. खालच्या विहिरीत जंतुनाशक पावडर टाकायची, वर जाळी बसवायची, पंप बंद असेल त्या दिवशी पाणी उकळायचं, आणि सोमीबाईला परत बोलवायचं. हिराबाईला बोलावून विचारलं तेव्हा ती पदरात तोंड घालून रडली. पाळी बदलल्याचं सांगितलं तर आपलं काम जाईल म्हणून ती गप्प राहिली होती.

गुरुवारी सर शाळेत आले नाहीत. पहाटेच पाड्यावर पोचले होते. ट्रक भरून उभा होता, सोमीबाई पोरीला घेऊन मागच्या फळीशी बसली होती. हे मला तिनंच नंतर सांगितलं. सर खाली उभे राहून म्हणाले, "सोमीबाई, उतरा. कामावर चला." तिनं वरूनच विचारलं, "या टायमाला नीट मोजला का, सर?" सर म्हणाले, "विहीर धरून मोजलं." मग तिनं आधी पोरीला खाली दिलं, मग गाठोडं, आणि मग ती उतरली.

ती परत आली, पण सगळं पूर्वीसारखं झालं असं नाही. सरांच्या ताटात नागलीची भाकर पुन्हा पडू लागली, आदळूनच. पाणी मात्र ती त्यांना वाढत नसे. बाकी सगळ्यांच्या भांड्यांत ओतत यायची आणि सरांपाशी आली की पुढं जायची. सर उठून माठातलं स्वतः घेत. एकदा मी तिला रागावले, तर सर म्हणाले, "राहू द्या, मॅडम. तिचा हिशेब बरोबर आहे." दोन वर्षं मी हे बघत होते.

वहीत मात्र एक बदल झाला. प्रत्येक चौकोनाच्या बाहेर सर आता एक लहानसं रिकामं घर काढत आणि त्यात प्रश्नचिन्ह करत. बारावीच्या पोरांच्या वह्यांतही तेच घर आलं. बोर्डाच्या परीक्षेत त्याला गुण नाहीत, असं कुणी म्हटलं तर सर म्हणत, "नसू देत."

ते निवृत्त झाले तेव्हा निरोपसमारंभ झाला, शाल-श्रीफळ झालं, मुख्याध्यापकांनी भाषणात 'सर नेहमी वेळेवर येत' असं म्हटलं आणि सगळ्या स्टाफनं सरांकडे पाहिलं. सर फक्त हसले. मोटारसायकल दुरुस्तीला टाकलेली होती, म्हणून ते एसटीनं जाणार होते. आम्ही रस्त्यावर त्यांच्याबरोबर उभे होतो. हातात छत्री, काखेत ती वही.

एसटी वळणावर दिसली, तेवढ्यात सोमीबाई भटारखान्याच्या बाजूनं चढण चढून आली. धाप लागलेली, हातात पितळी तांब्या. सकाळपासून लाईट नव्हती, पंप बंद होता. म्हणजे ते पाणी खालच्या विहिरीचं, हे आम्हा सगळ्यांना कळलं.

"घ्या, सर," ती म्हणाली.

सरांनी छत्री माझ्याकडे दिली, वही माझ्याकडे दिली. तांब्या दोन्ही हातांनी धरला आणि तोंड वर करून सगळा संपवला. थोडं पाणी शर्टावर सांडलं, पेनांच्या खिशावर. कंडक्टर घाई करत होता. सर छत्री घेऊन चढले. वही माझ्या हातात राहिल्याचं एसटी निघून गेल्यावर लक्षात आलं. सोमीबाई रिकामा तांब्या पालथा धरून रस्त्याकडे बघत होती.